बंदुकीच्या नळीतून आलेली दारू



तापीच्या काठी उभा असलेला आमच्या बुऱ्हाणपूरचा शाही किल्ला पाहावयास येणाऱ्या प्रत्येकास मुमताजमहलची कथा ऐकावयास मिळते. तिचे देहावसान १६३१ साली याच नगरीत झाले. परंतु तिच्या आधी २६ वर्षे याच नगरीत झालेल्या आणखी एका मृत्यूची कथा फारसे कोणी सांगत नाही. ती कथा अकबर बादशहाचा धाकटा पुत्र दानियाल याची होय.

दानियाल दख्खनचा कारभार पाहावयास येथे राहत असे. त्यास दारूचे व्यसन जडले होते. त्याचा वडील भाऊ मुराद याच व्यसनापायी १५९९ मध्ये ऐन तारुण्यात गेला होता. एक पुत्र गमावलेल्या पित्याने दुसऱ्याची दारू सक्तीने बंद केली. दानियालचा सासरा अब्दुर्रहीम खानखानान याने भोवती पहारे बसविले व बाहेरून दारूचा थेंबही आत येऊ नये असा बंदोबस्त केला. तेव्हा दानियालने आपल्या विश्वासू चाकरांची विनवणी आरंभिली. त्याची एक आवडती बंदूक होती व तिला त्याने जनाज्याची बरोबरी करणारी अशा अर्थाचे नाव दिले होते. एका चाकराने त्याच बंदुकीच्या नळीत दोनदा गाळलेली कडक दारू भरून आत आणली. नळीतील गंज व दारूगोळ्याचा मळ त्या मद्यात विरघळला. दानियालने ते प्राशन केले, अंथरूण धरले आणि १६०५ साली त्याचा अंत झाला. ही हकीकत त्याचाच भाऊ जहांगीर याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

ही चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट आज आम्हांस आठवावी, यास एक कारण घडले.

गेल्या महिन्यात खकनार भागातील एका गावच्या दहाबारा भगिनी आमच्याकडे आल्या. त्यांच्या गावच्या रस्त्यावर दारूचे दुकान आहे. ते हटवावे असा अर्ज त्यांना ग्रामसभेपुढे ठेवावयाचा होता व तो आम्ही लिहून द्यावा, शिवाय त्यावर सहीही करावी, अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्यासमवेत गावातील एक वृद्ध गृहस्थ होते. अर्जाची भाषा ठरत असता ते हळूच म्हणाले, “फादर, दुकान गेलं तर भट्टी येईल. दुकानाच्या बाटलीवर निदान शिक्का तरी असतो. भट्टीच्या दारूत काय घातलंय ते देवालाच ठाऊक.”

यावर एक विधवा भगिनी उत्तरली, “भट्टीवर लपून जावं लागतं, बाबा. माझ्या पोराला लपून जायची लाज तरी वाटेल. आता तो भर दुपारी जातो आणि चार माणसांत बसून पितो.”

दोघांचेही बोलणे आम्हांस खरे वाटले, आणि म्हणूनच आम्ही अडचणीत पडलो. बंदी केल्याने लोक पिण्याचे थांबतात काय? परवाना दिल्याने पिणे वाढते काय? आपल्याच मुलखाच्या इतिहासात या प्रश्नांची काही उत्तरे आहेत. ती आज वाचकांपुढे ठेवावी असे आम्ही योजिले आहे.

प्रथम आपल्या निमाडाकडेच पाहू. आज बुऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा असला, तरी तो खांडव्यापासून वेगळा झाला २००३ साली. त्यापूर्वी आपण निमाड जिल्ह्यातच मोडत होतो. या निमाडात, खांडव्याच्या परिसरात, इंग्रजी अमदानीत गांजाचे पीक काढले जात असे, आणि ते राजरोस, सरकारी परवान्याने! पीक तयार झाले की माल सरकारी देखरेखीखाली कोठारात जाई व तेथून कर भरून परवानाधारक दुकानांत पोहोचे.

विलायतेतील पार्लमेंटात या धंद्यावर प्रश्न विचारले गेले, तेव्हा सरकारने १८९३ मध्ये एक आयोग नेमला. त्याने देशभर हिंडून १,१९३ साक्षी नोंदविल्या. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्याही त्याने उघडून पाहिल्या. गांजाने वेड लागले असे ज्यांच्या नावापुढे लिहिले होते, त्यांतील अनेकांविषयी ती नोंद केवळ ऐकीव माहितीवर कोणी तरी केलेली होती, असे त्यास आढळले. आयोगाने १८९४ मध्ये निष्कर्ष दिला तो असा : बेतशीर सेवनाने सहसा मोठी हानी होत नाही, अतिसेवनाने होते. संपूर्ण बंदी घालू नये. लागवड मोजक्या जागी ठेवावी, दुकाने मर्यादित करावी आणि कर वाढवावा. आयोगाच्या सर्व सभासदांस हे मान्य नव्हते. दोघा भारतीय सभासदांनी आपले भिन्न मत नोंदविले.

या धोरणाचे तत्त्व त्या काळचे अधिकारी अभिमानाने सांगत. कमीत कमी सेवन व्हावे आणि त्यातून जास्तीत जास्त उत्पन्न यावे, असे ते तत्त्व होते. तत्त्व मोठे देखणे खरे. परंतु ज्याच्या तिजोरीत पैसा येतो, तो गिऱ्हाईक कमी झाल्याचा आनंद कितीसा मानील? मोहाच्या बाबतीत तर या धोरणाचे खरे रूप उघडे पडले. १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात दारू गाळण्याचा अधिकार हळूहळू मोठ्या मक्तेदारांच्या हाती गेला. १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी खास कायदा होऊन मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. दुष्काळात जी फुले भाजून गरीब माणूस पोट भरी, ती घरात ठेवणे हा गुन्हा ठरला. जे पूर्वी घरी सणासुदीला होत असे, त्यासाठी आदिवासी माणूस आता कलालाच्या दुकानी जाऊ लागला, उधारीत सापडला आणि शेवटी जमीन गमावून बसला. पिणे थांबले नाही. पिण्याची जागा बदलली व त्याचा पैसा दुसऱ्याच्या घरी गेला.

आता बंदीचा अनुभव पाहू. मुंबई राज्यात ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आली. तिच्यामागील हेतू उदात्त होता, हे कोणीही नाकारणार नाही. कामगाराच्या पगारातील पैसा गुत्त्यात न जाता घरी जावा, असा तो हेतू होता. आणि आरंभी पुष्कळ घरांत तसे झालेही. उघड दुकाने गेली, मोह कमी झाला, आणि ज्यास पिण्याची केवळ सवय होती त्याची सवय सुटली. परंतु ज्यास व्यसन होते, त्याच्यासाठी हातभट्टी पेटली. गूळ, नवसागर आणि हाती येईल ते सडवून दारू गाळली जाऊ लागली. पैसेवाल्यास डॉक्टरच्या दाखल्यावर परवाना मिळे, गरिबास पोलिसाची काठी मिळे.

येथे आपल्या समाजाविषयीही खरे बोलले पाहिजे. मिस्साबलिदानास लागणारा द्राक्षारस त्या कायद्याने मोकळा ठेवला होता. ही सवलत आपण कृतज्ञतेने घेतली. परंतु मुंबईच्या गल्ल्यांत जी घरगुती पिण्याची ठिकाणे ‘आंटीचा अड्डा’ या नावाने प्रसिद्ध झाली, त्यांतील अनेक आंट्या आपल्याच समाजातील होत्या. त्यांतील कित्येकींनी पोटासाठीच हा धंदा पत्करला असेल. त्यांचा न्याय करण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु कायद्याने दार बंद केले म्हणजे गरजू हात खिडकी उघडतात, याचा हा दाखला आपल्याच घरचा आहे. पुढे १९६० नंतरच्या दशकात महाराष्ट्र सरकारने ही बंदी सैल करीत नेली, आणि १९७३ पासून देशी दारूही नियमांखाली विकली जाऊ लागली.

अमेरिकेची कथा याहून निराळी नाही. तेथे १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे दारूबंदी होती. दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये हिशेब मांडून असे दाखविले, की बंदीच्या प्रारंभी मद्यपान पूर्वीच्या सुमारे ३० टक्क्यांवर आले. परंतु चोरट्या धंद्याची घडी बसताच काही वर्षांत ते पुन्हा ६० ते ७० टक्क्यांपर्यंत चढले. वाचकहो, या दोन्ही आकड्यांकडे नीट पाहा. बंदीने काहीच होत नाही असे म्हणणारा चुकतो, कारण ६० म्हणजे १०० नव्हेत. बंदीने सर्व काही होते असे म्हणणाराही चुकतो, कारण ३० फार काळ टिकले नाहीत.

आपल्याच देशात बिहारने एप्रिल २०१६ पासून दारूबंदी केली. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील पुरुषांत पिणाऱ्यांचे प्रमाण बिहारमध्ये १५.५ टक्के आढळले आणि महाराष्ट्रात, जेथे बहुतेक जिल्ह्यांत बंदी नाही, ते १३.९ टक्के आढळले. हे वाचून कोणी हसेल. परंतु एका राज्याची दुसऱ्याशी तुलना करण्यापेक्षा त्याच राज्याच्या पूर्वीच्या स्थितीशी केलेली तुलना अधिक न्याय्य असते. तशी तुलना करणारा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज किंवा दर आठवड्यास पिणाऱ्या पुरुषांची संख्या या बंदीमुळे सुमारे २४ लाखांनी कमी राहिली आणि पतीकडून होणाऱ्या मारहाणीची सुमारे २१ लाख प्रकरणे टळली, असा त्याचा अंदाज आहे. मात्र त्याच बिहारात विषारी दारूने वारंवार बळी घेतले, हेही तितकेच खरे आहे. ज्या घरातील मारहाण थांबली, त्या घरास बंदी आशीर्वाद वाटते. ज्या घरातून विषारी दारूने प्रेत निघाले, त्या घरास तीच बंदी शाप वाटते. विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यातील स्त्रियांनी दीर्घकाळ झगडून १ एप्रिल २०१५ पासून बंदी मिळविली, आणि अवैध दारू व गुन्हे वाढल्याचे कारण देऊन सरकारने ती २०२१ मध्ये उठविली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ ची बंदी अद्याप उभी आहे.

आता पुन्हा गांजा आणि अफूकडे वळू. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भारताने या पदार्थांचा वैद्यकेतर वापर ठरावीक मुदतीत बंद करावयाचा होता. त्यानुसार १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांचा कडक कायदा लागू झाला. गांजाची परवानाधारक दुकाने इतिहासजमा झाली. भांगेची पाने मात्र त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली, म्हणून आपल्या मध्य प्रदेशात भांग आजही सरकारी ठेक्यावर मिळते. एकाच झाडाचा शेंडा तुरुंगात नेतो व पान दुकानात विकले जाते, ही गोष्ट कोणाही शेतकऱ्यास विचित्र वाटेल.

या बंदीने सेवन किती घटले? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांत सुमारे २.८ टक्के लोक भांग, गांजा वा चरस घेणारे आढळले. दारू पिणारे १४.६ टक्के होते. म्हणजे ज्या पदार्थास कायद्याची मोकळीक आहे, त्याचा प्रसार पाचपट आहे. परवान्याची बाजू घेणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये. परंतु बंदीची बाजू घेणाऱ्यांनी त्याच पाहणीतील दुसरी गोष्ट विसरू नये. २००४ च्या पाहणीत अफूच्या जातीच्या अमलांत साधी अफू पुढे होती. २०१९ च्या पाहणीत अफू घेणारे ०.५२ टक्के आणि हेरॉइन घेणारे १.१४ टक्के आढळले. म्हाताऱ्याची अफूची गोळी मागे पडली व तरुणाची गर्दची पुडी पुढे आली. यास परदेशांतून आलेला मालही कारण आहे. सर्व दोष एकट्या कायद्याच्या माथी मारणे योग्य होणार नाही. तरीही चोरट्या व्यापाराचा स्वभाव येथे स्पष्ट दिसतो. जे लपवून न्यावयाचे, ते आकाराने लहान आणि गुणाने जहाल असावे लागते. पोते लपत नाही, पुडी लपते. दानियालच्या चाकरानेही हेच केले. बंदुकीच्या नळीत मावेल तितकेच आणावयाचे, म्हणून त्याने दोनदा गाळलेली आणली.

मग यातून निष्पन्न काय होते? आम्हांस असे वाटते, की कायदा पिण्याची वाट अवघड वा सोपी करू शकतो. वाट अवघड झाली म्हणजे कुंपणावरचा माणूस, नवखा तरुण, उधारीवर पिणारा मजूर परत फिरतो. त्या विधवा भगिनीचे म्हणणे येथे खरे ठरते. परंतु ज्याच्या देहातच तहान रुजली आहे, तो अवघड वाटेनेही जातो, आणि त्या वाटेवर त्यास अधिक जहाल व अधिक घातक पेय भेटते. त्या वृद्ध गृहस्थांचे म्हणणे येथे खरे ठरते. पहारा बसविणाऱ्या खानखानानास दरवाजाची चिंता होती. आत बसलेल्या माणसाच्या तहानेचे काय करावे, हे मात्र त्या दरबारात कोणास सुचले नाही.

ती चिंता ज्यांनी केली, त्यांचीही उदाहरणे आपल्याच आसमंतात आहेत. १९२१ मध्ये वसई-पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी समाजात देवीच्या नावाने दारू सोडण्याची एक लाट उठली. ती डोंगरांतून चढत सुरतेपर्यंत व खानदेशापर्यंत पोहोचली. सरकारचा हुकूम नसता गावेच्या गावे दारू सोडून मोकळी झाली आणि दारूविक्रेत्यांची दुकाने ओस पडली. बहुतेक गावांत ही लाट काही काळाने ओसरली. परंतु काही ठिकाणी तिचा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या टिकला. पुढे १९३८ मध्ये तळोद्याकडील भिल्ल समाजात गुलाम महाराज नावाच्या सत्पुरुषाने हेच कार्य केले. ते त्याच वर्षी निवर्तले, तरी त्यांच्या बंधूंनी ते चालू ठेवले. एकमेकांस ‘आप की जय’ म्हणून नमस्कार करणारे त्यांचे अनुयायी दारूस शिवत नसत. धर्म त्यांचा निराळा, आमचा निराळा. परंतु शेजाऱ्यापासून चांगले शिकण्यास धर्माची आडकाठी नसते. या लोकांपाशी पोलीस नव्हते. दारू न पिणाऱ्या माणसास गावात मान मिळतो, एवढेच त्यांनी घडवून आणले.

आणि ज्यांची तहान रोग होऊन बसली आहे, त्यांच्यासाठी १९८६ मध्ये पुण्यात अनिता व अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. गर्दच्या विळख्यात सापडलेली मुले पाहून ते निघाले, आणि व्यसनी माणसास गुन्हेगार न मानता रोगी मानावे, हा विचार त्याने मराठी घराघरांत पोहोचविला.

वाचकहो, आम्ही त्या अर्जावर सही केली. आपल्या राज्यात १५ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झालेल्या पेसा नियमांनी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस दारूच्या दुकानांविषयी बोलण्याचा अधिकार दिला आहे, आणि आपल्या भगिनी तो वापरीत आहेत याचा आम्हांस अभिमान वाटला. परंतु सही करण्यापूर्वी आम्ही त्यांच्याकडून व त्या वृद्ध गृहस्थांकडून तीन वचने घेतली. तीच आज सर्व धर्मग्रामापुढे ठेवतो.

पहिले असे, की दुकान गेल्यावर गावात विकण्यासाठी भट्टी लागली, तर ती कोणाच्या भावाची वा भाच्याची आहे हे न पाहता ग्रामसभेने ती थांबवावी. आदिवासी कुटुंबास घरच्या वापरासाठी व देवकार्यासाठी मोहाची मुभा कायद्याने आहे. ती विक्रीची मुभा नव्हे.

दुसरे असे, की आपल्या घरच्या बाप्तिस्म्यास, लग्नास व सणास पाहुण्यांपुढे दारू ठेवावयाची नाही. रस्त्यावरील दुकान बंद करा असे सरकारास सांगावयाचे आणि मांडवात आपणच दुकान मांडावयाचे, हे शोभत नाही. पोरगा पहिला पेला बहुधा मांडवातच घेतो.

तिसरे असे, की जो रोज पितो त्यास दुकान बंद होण्याच्या दिवशी एकटे सोडावयाचे नाही. पुष्कळ वर्षे पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर त्यास झटके येतात, भ्रम होतो, क्वचित प्राणही जातो. त्यास कोंडून ठेवू नये, शिव्या देऊ नयेत. जिल्हा रुग्णालयात न्यावे. सल्ल्यासाठी सरकारची १४४४६ ही दूरध्वनी सेवा आहे, ती विनामूल्य आहे. नेणारे कोणी नसेल, तर आमचे दार ठोठवावे. रात्र-अपरात्र पाहू नये.

ती विधवा भगिनी जाताना दारात थांबली व म्हणाली, “फादर, तिसरं वचन माझ्या पोरासाठी आहे ना?” आम्ही होय म्हणालो. ती म्हणाली, “मग दुकानाचा कागद नंतर गेला तरी चालेल. आधी त्याला न्यायचं कधी ते सांगा.”

येत्या सोमवारी आम्ही तिच्या मुलास घेऊन बुऱ्हाणपूरच्या रुग्णालयात जाणार आहोत. त्याने येण्याचे कबूल केले आहे. आपण सर्वांनी त्याची प्रार्थनेत आठवण ठेवावी.